अर्धं जावळ

माझ्या भाच्याचं जावळ मी खाडीत सोडलं ते अर्धंच. उरलेलं अर्धं खाकी पाकिटात घालून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं आणि बुरशीला खायला घातलं. आज हे सरळ लिहून टाकलंय, पण तोंडानं सांगायला मला चार वर्षं लागली, आणि सांगितलं ते माझ्या बहिणीला, तिचं पोर गेल्यावर.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहायचो, मी आणि आई-बाबा. ताई लग्न होऊन घाटकोपरला गेलेली. मी एमएस्सी करून अंधेरीच्या एका कॉलेजात पीएचडीला लागले होते. विषय होता, रोग करणाऱ्या बुरशा आपल्या पेशीभोवतीची भिंत कशी बांधतात. आई शेजारणींना सांगायची, "आमचा चेडू भिंतीच्या बुरशीचो अभ्यास करता." त्यावर एका शेजारणीनं मला तिच्या मोरीची भिंत बघायला बोलावलंही होतं. मी गेले आणि चुना लावा म्हणून सांगून आले. ताई तर मला बुरशीवालीच म्हणायची. "आपल्या घरात पावाला बुरशी आली की आई फेकून देते, ही वही काढून बसते," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं आणि भावोजी त्यावर दर वेळी नव्यानं हसायचे.

ताईला लग्नानंतर सहा वर्षांनी मूल झालं. त्या सहा वर्षांत तिनं काय काय ऐकून घेतलं ते मला माहीत आहे, कारण ती ते सगळं मला सांगायची आणि सांगताना हसायची. पोरगा झाला तेव्हा मात्र इस्पितळातल्या खाटेवर बसून ती इतकी रडली की नर्सनं येऊन टाके तुटतील म्हणून दम भरला. तो अकरा महिन्यांचा झाला तेव्हा आमच्याकडं मुलुंडला त्याचं जावळ काढायचं ठरलं.

जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात. आम्हा दोघींना भाऊ नाही. आईच्या मनात एका चुलत भावाला बोलवायचं होतं, पण ताई अडून बसली. म्हणाली, "ही आहे ना. हिच्याच मांडीवर बसेल तो." मग भावोजींनी माझ्या डोक्यावर त्यांची टोपी ठेवली, आणि मी पाटावर मामा होऊन बसले. पोरानं आधी न्हाव्याकडं कौतुकानं बघितलं. वस्तरा टाळूला लागला तसा त्यानं जो टाहो फोडला तो शेवटपर्यंत, आणि मध्येच माझी नवी साडी भिजवून ठेवली. केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात म्हणून आईनं खाली परात धरली होती. मऊ, तपकिरी, टोकाला वळलेले केस. ताई रोज त्याची टाळू खोबरेल तेलानं भरायची, त्यामुळं सगळ्या परातीला त्या तेलाचा वास येत होता.

ते केस वाहत्या पाण्यात सोडायचं काम मामाचं, म्हणजे माझं. आईनं नव्या फडक्यात पुरचुंडी बांधून दिली. "वाटेत खंय खाली ठेवू नको. सरळ पाण्यात सोड आणि मागे वळान बघू नको," ती म्हणाली. ताई दारापर्यंत आली. तिच्या खांद्यावर ते तुळतुळीत डोकं झोपलेलं होतं.

"सगळं सोड हं," ती म्हणाली. "आणि मनापासून सोड. तुला पटत नसलं तरी."

मी हो म्हटलं.

आता ते केस मला कशाला हवे होते, ते सांगते. मी ज्या बुरशीवर काम करत होते ती माणसाला गजकर्ण करते. तिचं खाणं म्हणजे केस, नखं, कातडीचा वरचा थर. ती मातीत राहते, त्यातही गुरं बांधतात तिथल्या मातीत जास्त. मी आरे कॉलनीत जायचे, गोठ्यांच्या मागं उकिडवी बसून चमच्यानं पिशवीत माती भरायचे. तिथला एक म्हशीवाला दर खेपेला मला विचारायचा, "मॅडम, गोबर चाहिए क्या? ताजा है." माती आणली की ती काचेच्या बशीत पसरायची, पाणी शिंपडायचं, वर केस अंथरायचे आणि झाकण ठेवून तीन-चार आठवडे वाट बघायची. मातीत बुरशी असली तर ती केसांवर येते. पांढरी लव दिसायला लागते.

माझ्या बशांत दिसत नव्हती. न्हाव्याच्या दुकानातले केस आणले, त्यांना कलप आणि कसली कसली सुगंधी तेलं. मग माझ्या वेणीचं टोक कापलं, तेही फुकट गेलं. सहा महिने असेच गेले. शेवटी माझे मार्गदर्शक सर, जे कधी एका वाक्यापेक्षा जास्त बोलत नसत, ते बशीत डोकावून म्हणाले, "मोठ्या माणसाच्या केसाला मुळापासून जो तेलकटपणा असतो तो हिला सोसत नाही, लहान मुलाचे केस आण, कधी न कापलेले मिळाले तर सोनं." हे त्यांनी जावळाच्या आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या पलीकडं खाडी आहे. मी बांधावरून चालत गेले. वाटेत पुरचुंडी खाली ठेवली नाही, आईचं एवढं ऐकलं. पाण्याशी उभं राहून फडकं उघडलं आणि निम्मे केस खाकी पाकिटात भरले. निम्मे सोडले. मागं वळून बघितलं नाही. चोरी केली असं मला वाटलं नाही, उलट माझी मलाच हुशारी वाटली. केस म्हणजे मेलेल्या पेशी, पाण्यात गेले काय आणि बशीत गेले काय, असं तेव्हा मी कुणालाही ऐकवलं असतं. फक्त ताईला नसतं ऐकवलं. रविवारी तिनं विचारलं, "सोडलंस ना सगळं?" मी ताटातून मान वर न करता म्हटलं, "हो गं, किती वेळा विचारशील."

त्या केसांवरचं खोबरेल काढायला मला ते तीन वेळा ईथरनं धुवावे लागले. दोनदा धुतले तरी वास जात नव्हता. तिसऱ्यांदा गेला. मग थोडे बारीक कापून, वाफेवर निर्जंतुक करून आरेच्या मातीवर अंथरले. विसाव्या दिवशी बशीभर पांढरी लव आली. मी प्रयोगशाळेत टाळी वाजवली होती, हे मला आठवतं.

तिथून माझं काम धावायला लागलं. बुरशीचा धागा टोकाला वाढतो. पेशीच्या आतून बारीक पिशव्या सामान घेऊन टोकाशी येतात. तिथं पेशीच्या पातळ पडद्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, बसलेलं असतं, ते साखरेचे कण एकामागून एक जोडून त्याची साखळी बाहेर ढकलत राहतं. हे कायटिन. कोळंबीचं कवच ज्याचं असतं तेच. आई कोळंबी सोलायला बसली की सालांचा ढीग बघून मला जेवणाऐवजी प्रबंध आठवायचा. या साखळ्या एकमेकींना चिकटून चिवट धागे होतात, धाग्यांची जाळी होते. टोकाशी ती जाळी अजून मऊ असते, आणि थोडं मागं ग्लुकन नावाची दुसरी साखर येऊन तिला आवळून टाकते, की भिंत कडक झाली. पुढं मऊ टोक, मागं कडक भिंत, असं करत करत ती अख्ख्या केसाला भोक पाडून आरपार जाते. मी ती भोकं सूक्ष्मदर्शकातून बघितली आहेत. भाच्याच्या केसातली. सुबक असतात, पाचरीसारखी.

भिंत कशी बांधली जाते ते बघायचं तर आधी असलेली भिंत काढून टाकावी लागते. त्यासाठी आम्ही गोगलगायीच्या पोटातला रस वापरायचो. पावसाळ्यात आरेच्या रस्त्यावर मुठीएवढ्या गोगलगायी निघतात, त्या पिशवीत भरून आणायच्या. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. त्या रसात ठेवलं की भिंत विरघळते आणि आतली पेशी नुसत्या पडद्यात गोल होऊन बाहेर येते. साध्या पाण्यात टाकली तर पाणी शोषून फुटते. साखर-मिठाचं प्रमाण साधलेल्या पाण्यात ठेवली तर तगते, आणि काही तासांत पुन्हा स्वतःभोवती भिंत घालायला लागते. आधी कायटिनची जाळी, मग ग्लुकन. कपड्यांना पांढरेपणा आणणारी एक पूड असते, ती कायटिनला चिकटते आणि निळ्या दिव्याखाली चमकते. अंधाऱ्या खोलीत बसून मी त्या चमकणाऱ्या कडा बघायचे. मला त्यापुढं दुसरं काही सुचायचं नाही.

भाचा साडेतीन वर्षांचा असताना ताईनं एकदा त्याला दिवसभर माझ्याकडं सोपवलं. सुट्टी होती, प्रयोगशाळा रिकामी होती. मी त्याला उंच स्टुलावर उभं करून सूक्ष्मदर्शकातून त्या भिंत काढलेल्या गोल पेशी बघायला लावल्या आणि काचपट्टीच्या कडेला साध्या पाण्याचा थेंब सोडला.

"फुटला," तो म्हणाला. मग डोळा न काढता, "अजून एक फुटला."

दुसऱ्या काचपट्टीवर साखर-मिठाच्या पाण्यातले दाखवले. ते फुटेनात, तर त्याला राग आला. मी सांगितलं की हे आता पुन्हा भिंत बांधतील.

"कोण बांधतं?"

"तेच बांधतात. आपले आपण."

"त्यांना कोण शिकवतं?"

"तेच तर मी शोधतेय, राजा."

घरी जाऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं की मावशी फुगे फोडते. ताई म्हणाली, "बघ, एवढं शिकून काय करते ते आत्ता कळलं मला." मी त्या दिवशी तिला केसांचं सांगू शकले असते. ती हसली असती, पाठीत धपाटा घातला असता, आणि संपलं असतं. मी सांगितलं नाही. कामाला लागणारे केस आता संपत आले होते. चिमूटभर तेवढे न कापलेले, धुऊन ठेवलेले, एका काचनळीत कापसाचा बोळा लावून माझ्या कपाटात होते.

पाचव्या वाढदिवसाला दोन महिने असताना त्याच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले. ताईला वाटलं, पडला असेल, मस्ती कमी करतो का तो. मग ताप, मग हिरड्यांतून रक्त. शहरातल्या मोठ्या इस्पितळात सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे, औषधं सुरू करू, मुलं यातून उठतात. उठतात हे खरंच होतं. त्याच वॉर्डात उठलेली मुलं आम्ही बघितली. म्हणून औषधांनी केस गळायला लागले तेव्हा ताईनं रडारड केली नाही. उशीवर, तोंडात, ताटात केस यायला लागले तशी तिनंच वॉर्डातल्या न्हाव्याला बोलावून त्याचं डोकं तुळतुळीत करून घेतलं. केस झाडूवाल्या बाईंनी झाडून केराच्या डब्यात टाकले. ताई त्याला म्हणाली, "परत येतील, सोन्या, आधीपेक्षा दाट येतील," आणि त्या डब्याकडं तिनं बघितलंही नाही.

केस परत यायच्या आत त्याच्या छातीत बुरशी शिरली. औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात, अशा वेळी हवेतली साधी बुरशीसुद्धा फुप्फुसात मुळं धरते. डॉक्टर भावोजींना समजावत होते. मी शेजारी उभी होते, त्यांच्या प्रत्येक वाक्याचं पुढचं वाक्य मला माहीत होतं. ती माझी बुरशी नव्हती. माझी कातडीखाली उतरत नाही, ही वेगळी. पण भिंत बांधायची रीत तीच. कायटिन, ग्लुकन, मऊ टोक, मागं कडक भिंत. बुरशी केसातून आरपार जाताना मी जे बघितलं होतं तेच आता त्याच्या छातीत चाललं होतं, आणि ते मला डोळे मिटले तरी दिसायचं.

खोलवर गेलेल्या बुरशीला तेव्हा भरवशाचं म्हणून एकच औषध होतं. ते सलाइनमधून थेंबाथेंबानं द्यायचे. थोड्या वेळात पोराला हुडहुडी भरायची, दात वाजायचे, ताई त्याच्यावर आडवी पडून त्याला धरून ठेवायची. ते औषध बुरशीच्या पडद्याला भोकं पाडतं. आपल्या पेशींनाही तसाच पडदा असतो, म्हणून थोडी आपल्यालाही पाडतं. चौथ्या दिवशी मूत्रपिंडं कुरकुरायला लागली म्हणून औषध कमी केलं.

त्या दुपारी भेटीच्या वेळेत ताईनं मला वॉर्डाबाहेर ओढलं.

"तू हेच शिकतेस ना? चार-पाच वर्षं झाली, हेच करतेस ना? मग सांग ना त्यांना काय द्यायचं."

माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, की माणसाच्या पेशीला भिंत नसते, बुरशीच्या पेशीला असते, म्हणून भिंत मोडणारं औषध मिळालं तर ते माणसाला धक्का न लावता बुरशीला मारेल. ते वाक्य मी अभिमानानं लिहिलं होतं. सर म्हणाले होते की सुरुवात चांगली आहे.

"असं औषध नाही गं अजून," मी म्हटलं.

"मग तू एवढी वर्षं करत काय होतीस?"

तिनं हे ओरडून नाही विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी आत जाऊन त्याच्या पायाशी बसले. तो जागा होता. त्यानं मला विचारलं, "मावशी, मला भिंत आहे?"

"नाही, राजा. माणसाला नसते."

"मग मी फुटेन?"

"नाही. तुझ्या रक्तात मीठ आहे, साखर आहे. सगळं बरोबर मोजून घातलंय. तू नाही फुटणार."

त्याला ते पटलं. मुलांना मोठ्यांचं खरं वाटतं, याची मला त्या क्षणी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "भिंत कशी बांधतात ते आपल्याला थोडं कळलंय," ते म्हणाले, "थांबवायची कशी ते कळायला वेळ आहे." मी विचारलं, किती. ते म्हणाले, "तुला कळेल, मी बघेन असं वाटत नाही." त्यांचं खरं झालं. ग्लुकनचं विणणं थांबवणारं औषध आलं, पण पुढच्या शतकात. ते आल्याचं मी एका दुपारी वाचनालयात वाचलं, आणि मला तिथून उठून बाहेर जावं लागलं.

सरांकडून निघाले ती मी माझ्या कपाटाशी गेले आणि काचनळी पर्समध्ये टाकली. मुलुंडला उतरून घरी न जाता मिठागरांच्या बांधावरून खाडीकडं गेले. हे मी का करत होते ते मला पुरतं माहीत होतं आणि मान्य नव्हतं. बाई, तू पीएचडी करतेस, मी स्वतःला म्हणत होते, आणि पाय उचलत होते. उरलेलं सोडून देऊ, जे राहिलंय ते पुरं करू, मग बघू. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, मध्ये नुसता गाळ. कापसाचा बोळा काढून मी बराच वेळ उभी राहिले. गाळात टाकायचे का? गाळात टाकलेलं चालतं का? आईला विचारायची सोय नव्हती. मग मला स्वतःचाच इतका राग आला की बोळा परत लावला आणि घरी आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

मला माहीत आहे की त्या केसांचा याच्याशी काही संबंध नव्हता. हे मी कुणालाही फळ्यावर लिहून सिद्ध करून दाखवीन. आणि तरी भरती होईस्तोवर तिथं थांबले असते तर, हे माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. मी ते घालवायचा प्रयत्नही आता करत नाही.

दिवस पार पडले. त्यानंतर महिन्याभरानं मी ताईकडं गेले तेव्हा ती कपाट उपसून बसली होती. शर्ट, चड्ड्या, स्वेटर, सगळं धुऊन घड्या घातलेलं.

"कशालाच त्याचा वास नाही," ती म्हणाली. "मीच धुतलं सगळं. इस्पितळातून आणलं की धू, आणलं की धू. आणि केस, तेही मीच काढायला लावले. जावळ तरी थोडं ठेवायला हवं होतं गं. चार केस. सगळं सोडून दिलं आपण."

मी म्हटलं, "सगळं नाही सोडलं."

मग सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. खाकी पाकीट, आरेची माती, पांढरी लव, टाळी वाजवलेली तीसुद्धा. ताई हातातला स्वेटर तसाच धरून ऐकत होती.

"बुरशीला घातलेस?" तिनं विचारलं.

"ती बुरशी वेगळी गं. ही जी झाली ती..."

"बुरशीच ना?"

मी हो म्हटलं.

"मी तुला मामा म्हणून बसवलं," ती म्हणाली. "लोकं नको म्हणत होती. ऊठ. जा तू."

मी उठले. जिना उतरताना वरून काही ऐकू येतं का म्हणून थांबले. काही ऐकू आलं नाही.

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी गेले तर भावोजी दार उघडायचे, ती आतल्या खोलीतून बाहेर यायची नाही. भावोजी पाणी द्यायचे आणि आम्ही दोघं पंख्याकडं बघत बसायचो. मी कॉलेजात जायचे, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की आत काही दिसत नसे, डोळे भरलेले असायचे. जानेवारीत एक दिवस आई घाटकोपरहून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "ती म्हणता, ते केस घेऊन ये."

मी काचनळी घेऊन गेले. ताईनं स्वतः दार उघडलं. खूप वाळली होती. आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. तिनं बोळा काढला, केस तळहातावर ओतले. करंगळीएवढी बट, तपकिरी, टोकाला अजून वळलेली. तिनं हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"कसलाच वास येत नाही."

"धुतलेत मी. तीनदा. ईथरनं."

"कशाला?"

"तेल काढायला. तेल असलं की बुरशी धरत नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. अकरा महिने रोज सकाळी मांडीवर घेऊन तिनं ती टाळू भरली होती. मला वाटलं, आता ती परत जा म्हणेल, आणि म्हटलं असतं तर मी गेले असते, कायमची.

ती उठली. फळीवरची खोबरेलाची बाटली घेतली. थंडीनं तेल गोठलेलं होतं, म्हणून तिनं बाटली थोडा वेळ काखेत धरली, तो असताना धरायची तशी. मग दोन बोटांवर तेल घेऊन तिनं ती बट मुळापासून टोकापर्यंत चोळायला सुरुवात केली, सावकाश, एक केस इकडं तिकडं होऊ न देता. खोलीभर तो वास आला. मी तोंडात पदर धरला.

"आता धरणार नाही ना?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आता नाही धरणार."